ऑटिझमविषयी लिहिताना वाचक कोण, हे ठरवावे लागते

ऑटिझमविषयीचे लेख संपादनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी एकच गोष्ट तपासते: स्वतः ऑटिस्टिक असलेली व्यक्ती हा मजकूर वाचेल, असे लेखकाने गृहीत धरले आहे का? बहुतेक लेख पालकांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना उद्देशून लिहिलेले असतात आणि ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते लोक वाचकांमध्ये असतील ही शक्यता लेखकाच्या मनातही आलेली नसते. भाषेतला अनादर बहुतांशी या विस्मरणातून येतो. दुष्टपणातून तो क्वचितच येतो.

‘ऑटिझमग्रस्त’, ‘ऑटिझमने पीडित’, ‘ऑटिझमवर मात’ हे शब्दप्रयोग पाहा. पूर किंवा दुष्काळ बाहेरून येतो आणि माणसाला गाठतो. ऑटिझम मात्र मेंदूच्या जडणघडणीतच असतो आणि त्या माणसाच्या पाहण्या-ऐकण्यापासून विचार करण्यापर्यंत सगळ्यात मिसळलेला असतो. त्यामुळे ‘मात केली’ असे लिहिले, की माणसाने स्वतःवरच मात करावी अशी अपेक्षा आपण नकळत व्यक्त करतो. याचा अर्थ अडचणी लपवाव्यात असा मुळीच नाही. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना अपस्माराचे झटके येतात, झोप लागत नाही, गोंगाट किंवा प्रखर प्रकाश असह्य होतो, आणि काहींना आयुष्यभर दिवसरात्र मदत लागते. हे सगळे स्पष्ट लिहावे. पण ज्या गोष्टीचा त्रास होतो तिचे नाव घेऊन लिहावे, संपूर्ण माणसालाच त्रास ठरवू नये.

शब्दांनी किती हानी होऊ शकते हे या विषयाच्या इतिहासातच दिसते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला ऑटिझमविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्या काळात आईच्या थंड, मायाहीन वागण्यामुळे मूल ऑटिस्टिक होते, असा समज पसरला आणि अशा स्त्रियांसाठी ‘रेफ्रिजरेटर मदर’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. पुराव्याचा आधार नसलेल्या या दोन शब्दांनी असंख्य मातांना अपराधी ठरवले. अमेरिकेत मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्यांनी तर मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवण्याचा पुरस्कार केला. स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये या समजाचे सविस्तर खंडन केले, तरीही तो पुसला जायला बराच काळ लागला.

आजच्या लेखनात मला सर्वांत जास्त खटकतात ते ‘हाय फंक्शनिंग’ (जास्त कार्यक्षम) आणि ‘लो फंक्शनिंग’ (कमी कार्यक्षम) हे शिक्के. नोकरी करणारी, अस्खलित बोलणारी व्यक्ती घरी आल्यावर दोन शब्दही बोलू शकणार नाही इतकी थकलेली असू शकते. तिला पहिला शिक्का लागला, की तिची मदतीची मागणी कुणी मनावर घेत नाही. दुसरा शिक्का लागलेल्या व्यक्तीच्या बाबतीत याच्या उलट घडते: ती तोंडाने बोलत नाही, म्हणून तिला समजतही नाही असे धरले जाते, तिच्यासमोरच तिच्याविषयी वाटेल ते बोलले जाते आणि अक्षरफलकावर किंवा टॅब्लेटवर ती काय सांगते याकडे लक्ष दिले जात नाही. शिक्क्याऐवजी एक साधे वाक्य लिहिता येते: तिला प्रवासात सोबत लागते, स्वयंपाक ती एकटी करते, फोनवर बोलणे तिला जमत नाही. ‘मानसिक वय पाच वर्षे’ हा उल्लेखही मी कटाक्षाने काढते, कारण तीस वर्षांच्या माणसाला तीस वर्षांचे अनुभव, आवडी आणि संकोच असतात.

‘ऑटिस्टिक लोकांना सहानुभूती नसते’ हे विधानही अजून सर्रास छापले जाते. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने 2012 मध्ये मांडले, की ही दोन्ही बाजूंची अडचण आहे. ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन वाचता येत नाही, पण म्हणून ऑटिस्टिक नसलेल्यांमध्ये उणीव आहे असे कुणी म्हणत नाही.

‘ऑटिस्टिक व्यक्ती’ म्हणावे की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्या व्यक्तीने 1999 मध्येच पहिल्या रचनेची बाजू मांडली होती आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या सर्वेक्षणातही ऑटिस्टिक प्रौढांमध्ये ‘ऑटिस्टिक’ या शब्दाला व्यावसायिकांपेक्षा बराच अधिक पाठिंबा दिसला, मात्र एकमत दिसले नाही. म्हणून सर्वसाधारण लेखनात मी ‘ऑटिस्टिक’ ठेवते, आणि एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी लेख असेल तर तिला विचारून तिचाच शब्द वापरावा असा आग्रह धरते.

शब्द निर्दोष असूनही मजकूर अपमानकारक असू शकतो, हे पालकांच्या लेखांत अनेकदा जाणवते. मुलाचा भर गर्दीत तोल कसा सुटला, त्याला शौचाच्या सवयी लावताना काय हाल झाले, हे नाव आणि छायाचित्रासह लिहिलेले असते. पालकांची दमछाक खरी असते आणि ती मांडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, पण मुलाच्या खासगीपणावर त्याचाही तितकाच अधिकार आहे. असा परिच्छेद मी लेखकाकडे परत पाठवते आणि विचारते, की हे मूल मोठे झाल्यावर त्याने हा मजकूर वाचला तर तुम्हाला चालेल का. बहुतेक पालक तो भाग स्वतःच बदलून देतात, आणि बदललेल्या लेखात त्यांची दमछाक पूर्वीइतकीच स्पष्ट उमटलेली असते.