निम्मे कानांनी, निम्मे डोळ्यांनी

दूरवर बसलेल्या दोन माणसांचे संभाषण केवळ ओठ पाहून शब्दन्‌शब्द टिपता येणे, अशी ओष्ठवाचनाची एक समजूत रूढ आहे आणि ती बहुधा हेरकथांमुळे पसरली असावी. श्रवणशक्ती कमी झाल्यावर मी ही विद्या शिकायला गेले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी आधी हीच समजूत मोडीत काढली. त्यांनी मला आरशासमोर बसवले आणि आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘भान’ व ‘मान’ असे चार शब्द उच्चारायला लावले. चारही वेळा आरशात एकच दृश्य दिसले: ओठ मिटले, विलग झाले, जबडा खाली आला आणि जीभ वर उचलली गेली. ‘ब’ उच्चारताना घशात होणारा कंप, ‘भ’बरोबर बाहेर पडणारा श्वासाचा झोत आणि ‘म’च्या वेळी नाकातून जाणारी हवा यांपैकी काहीही चेहऱ्यावर उमटत नाही. ‘खाणे’ आणि ‘गाणे’ यांची पहिली अक्षरे तर जिभेच्या मागच्या भागाने, तोंडाच्या पार आत तयार होतात. तिथे पाहणाऱ्याची नजर पोहोचणारच कशी?

मग हा खटाटोप करायचा कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात आहे. वयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे होणाऱ्या श्रवणऱ्हासात बहुधा उच्च वारंवारितेचे ध्वनी आधी हरवतात, आणि माझेही तसेच झाले आहे. स्वर बहुतांशी खालच्या पट्टीतले आणि जोरकस असल्यामुळे ऐकू येतात. ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखी क्षीण व्यंजने मात्र निसटतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही आमच्यासारख्यांची नेहमीची तक्रार असते, ती यामुळेच. आता गंमत अशी की, ध्वनी ओठांवर, दातांपाशी की आत टाळूजवळ तयार झाला, ही माहिती मुख्यतः वरच्या वारंवारितांमध्ये असते आणि म्हणून दुबळ्या कानाला ती मिळत नाही. पण नेमकी तीच डोळ्यांना बऱ्यापैकी दिसते. उलट घशातील कंप आणि नाकातील गुंजन डोळ्यांना दिसत नाही, परंतु ते खालच्या वारंवारितांमध्ये असल्यामुळे श्रवणयंत्र लावलेला माझा कान ते अजून पकडतो. बोलणारा ‘पान’ म्हणाला की ‘तान’, हे मला ओठ सांगतात; ‘पान’ म्हणाला की ‘मान’, हे कान सांगतो.

त्यामुळे श्रवणयंत्र काढून ठेवून केवळ ओठांवर विसंबण्याचा सराव मला फारसा उपयोगी वाटत नाही. दूरचित्रवाणीवरील बातम्या आवाज पूर्ण बंद करून पाहण्यापेक्षा आवाज अगदी हळू ठेवून पाहिल्या, तर दोन्ही इंद्रियांना एकत्र काम करण्याची सवय लागते. ही सवय मुळात प्रत्येकालाच थोडीफार असते. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी 1976 मध्ये दाखवून दिले की, कानावर ‘बा’ पडत असताना पडद्यावरचा चेहरा ‘गा’ उच्चारत असेल, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू आल्याचा भास होतो. चांगले ऐकू येणारी माणसेही नकळत चेहरा वाचतच असतात. आम्हाला ते जाणीवपूर्वक करावे लागते, एवढाच फरक.

तरीही गाळलेल्या जागा उरतातच, आणि त्या संदर्भाने भराव्या लागतात. विषय आधी ठाऊक असेल तर संवाद सोपा होतो, म्हणून बैठकीपूर्वी मुद्दे मागून घेण्याचा संकोच मी सोडला आहे. संख्या मात्र संदर्भाला दाद देत नाहीत. ‘सात’ आणि ‘साठ’ ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे वेळ, रक्कम किंवा औषधाचे प्रमाण मी समोरच्याला एकेक अंक सुटा करून सांगायला लावते. नुसते ‘काय?’ विचारले की माणूस तेच वाक्य मोठ्याने ओरडतो आणि ओरडताना ओठांचा आकार बिघडतो. त्याऐवजी ‘बैठक किती वाजता म्हणालात?’ असा नेमका प्रश्न विचारला किंवा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची विनंती केली, तर काम भागते.

या विद्येचा मोठा भाग तर बसण्याच्या जागेत आहे, असे माझे मत झाले आहे. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवा. त्याच्या पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळवंडतो आणि सारे संपते. ओठांवर उतरलेल्या मिशा, हनुवटीला लावलेला हात, तोंडातला घास आणि मास्क ही नेहमीची विघ्ने आहेत. मिशांविषयी बोलणे अवघड जाते, बाकीच्यांविषयी बोलता येते. चारचौघांच्या गप्पांत कोण बोलत आहे हे शोधून मान वळवेपर्यंत निम्मे वाक्य निघून गेलेले असते, आणि अशा तासाभरानंतर डोळे व डोके दोन्ही शिणतात. हा थकवा खरा असतो. तेव्हा मी उठून थोडा वेळ बाजूला जाते. घरच्यांना त्याचे कारण एकदा समजावून सांगितल्यापासून कोणी ते मनावर घेत नाही.

साध्या फोनवर चेहराच नसतो, म्हणून शक्य तेव्हा मी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरते. तिथेही चित्र आवाजाच्या मागे पडू लागले की कान एक सांगतो आणि ओठ दुसरेच सांगतात. मग मी मजकूर लिहून पाठवायला सांगते.