गणित बायकोच्या जन्मतारखेपासून मांडा

ईपीएस-९५ ची (पीएफला जोडलेल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन १,००० वरून ७,५०० केली तर बोजा किती, हे ढोबळमानानं काढता येतं. माणसं मोजा, फरकानं गुणा. पण ‘विधवेला निम्मी नको, पूर्ण पेन्शन द्या’ म्हटलं की हा हिशेब बसत नाही. तिथं सगळं नवरा-बायकोच्या वयातल्या अंतरावर येऊन थांबतं.

शिरोली एमआयडीसीतला फाउंड्री कामगार घ्या. पगार पेन्शनसाठी धरायच्या मर्यादेच्या वरच. सप्टेंबर २००६ ला लागला, ऑगस्ट २०२४ अखेर ५८ पूर्ण, सेवा १८ वर्षं. पेन्शनचं सूत्र पगार × सेवेची वर्षं ÷ ७०. १५,००० × १८ ÷ ७० करून लोक महिन्याला ३,८५७ धरून बसतात आणि हातात पडतात २,८८६. कारण १ सप्टेंबर २०१४ च्या आधी पगाराची मर्यादा ६,५०० होती, त्या तारखेपासून १५,००० झाली. म्हणून पहिल्या ८ वर्षांचे ७४३ आणि पुढच्या १० वर्षांचे २,१४३.

त्याच्या पश्चात बायकोला निम्मी, म्हणजे १,४४३. पूर्ण द्यायची तर आणखी तेवढेच, वर्षाला १७,३१६. आता असेच दोन कामगार धरा. दोघंही ७५ व्या वर्षी गेले, दोघांच्याही बायका ८० पर्यंत जगल्या. एकाची बायको २ वर्षांनी लहान. तिला ७ वर्षं द्यायचे, जादा खर्च १ लाख २१ हजार. दुसऱ्याची १२ वर्षांनी लहान. १७ वर्षं, २ लाख ९४ हजार. भरणा मात्र दोघांच्या नावावर सारखाच: पगारावर मालकाचे ८.३३ टक्के, केंद्राचे १.१६. बिजवराचं लग्न असेल तर अंतर आणखी ताणतं. इथं महागाई भत्ता नाही, म्हणून आकडा निदान फुगत तरी नाही. पेन्शनरांचं दुखणं तेच, पण हिशेबनिसाची सोय. आणि नियम फक्त पुढच्या विधवांना लावला, तर हा खर्च त्या वर्षीच्या बजेटमध्ये जेमतेम दिसतो; खरा उठतो तो १५-२० वर्षांनी.

ब्रिटननं कात्री उलट्या बाजूनं लावली. जोडप्यातला एक पेन्शनच्या वयाचा आणि दुसरा लहान असेल, तर १५ मे २०१९ पासून नव्यानं ‘पेन्शन क्रेडिट’ (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना सरकारी मदत) नाही. धाकट्याचं वय भरेपर्यंत ‘युनिव्हर्सल क्रेडिट’, म्हणजे पेन्शनच्या वयाखालच्या गरजूंची मदत. त्या वर्षीचे जोडप्याचे मूळ दर होते पेन्शन क्रेडिटचे आठवड्याला २५५.२५ पौंड आणि युनिव्हर्सल क्रेडिटचे महिन्याला ४९८.८९ पौंड. वर्षाचा फरक सुमारे ७,२८६ पौंड. पण याला जोडप्यांच्या संख्येनं गुणून ‘सरकार इतकं वाचवणार’ म्हणाल तर फसाल. आधीपासून घेणाऱ्यांचं, हक्क खंडित होईपर्यंत, चालूच राहिलं. म्हणजे बचत नव्या अर्जांपुरती आणि तीही धाकटा त्या वयाला पोचेपर्यंतच. उलट १६,००० पौंडांवर शिल्लक असलेल्याला युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही, पेन्शन क्रेडिटला तशी वरची मर्यादा नाही; तिथं फरक ७,२८६ च्याही पुढं जाऊ शकतो.

दोन्हीकडं हिशेबाला धाकट्याची जन्मतारीख लागते, आणि आपल्याकडं नेमकी तीच कच्ची. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांची तारीख १ जून, शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. आधारवर दुसरीच, नाव कुठं माहेरचं तर कुठं सासरचं. पेन्शनच्या अर्जाचा १०-डी फॉर्म भरण्याआधी हे सगळं जुळवून घ्या. नवरा गेल्यावर या दुरुस्त्यांसाठी तिला एकटीला चकरा माराव्या लागतात.