‘उजाडलं’ कोण?

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना घरी जाऊन मराठी शिकवते मी. २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि शिकवण्या वाढल्या. आठवीतली ही मुलगी त्यातलीच. तिच्या मामेबहिणीला अमेरिकेत शाळेत घालत नाहीत, आईच घरी शिकवते. तिथे इंग्रजी वाक्यांचे आराखडे काढतात. ब्रुकलिनच्या रीड आणि केलॉग या शिक्षकांनी १८७७ मध्ये चालू केलेली ही पद्धत: एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी रेघ, डावीकडे उद्देश्य म्हणजे कर्ता, उजवीकडे क्रियापद आणि विशेषणं वगैरे खाली तिरप्या रेघांवर. बहिणीच्या वहीचा फोटो दाखवून ही म्हणाली, “काकू, आपण मराठीत करू या ना.”

आपल्याकडे वाक्यपृथक्करणाचा तक्ता असतो. उद्देश्य, उद्देश्यविस्तारक, कर्म, विधानपूरक, विधेयविस्तारक, विधेय. मुलं तो रेशनच्या यादीसारखा भरतात. मार्क मिळतात, बाकी काही होत नाही. म्हटलं, करू या.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पहिलं वाक्य घेतलं: ‘खिडकीजवळच्या टेबलावरची पुस्तकं पडली.’ तक्त्यात ‘खिडकीजवळच्या टेबलावरची’ हा सगळा ऐवज एकाच रकान्यात कोंबून मोकळं होता येतं. इथे ती पेन्सिल घेऊन अडली. खिडकीजवळ काय आहे, टेबल की पुस्तकं? मग ‘पुस्तकं’ला ‘टेबलावरची’ लटकवलं आणि त्या तिरप्या रेघेला आणखी एक रेघ काढून ‘खिडकीजवळच्या’. ‘टेबलावरची’ आणि ‘खिडकीजवळच्या’ यांचे शेवट वेगळे का, हे तिला त्या रेघांनीच सांगितलं. मी तोंड उघडलंही नव्हतं.

कर्माची जागा आम्ही बदलली. इंग्रजीत ते क्रियापदाच्या पुढे बसतं, आम्ही अलीकडे बसवलं.

कर्ता शोधायला आपली जुनी युक्ती आहेच: धातूला ‘णारा’ लाव आणि ‘कोण’ विचार. ‘आजीला चहा आवडतो.’ आवडणारा कोण? चहा. हे तिला मुळीच पटेना. “आवडतो आजीला! चहा बिचारा काय करतो?” शेवटी ‘कॉफी आवडते’, ‘पोहे आवडतात’ करून बघितलं. क्रियापद कॉफीपोह्यांबरोबर हलतं, आजी आहे तिथेच. नाइलाजाने चहा डावीकडे गेला.

आजी शेजारीच मेथी निवडत होत्या. त्यांना म्हटलं, आता तुम्ही एक वाक्य द्या. त्या म्हणाल्या, “उजाडलं.”

“एवढंच?”

“एवढंच. पुरं वाक्य आहे ते.”

उजाडणारं कोण? पोरीने ‘आकाश’ लिहिलं, खोडलं. ‘सूर्य’ लिहिला, खोडला. सूर्य उजाडत नाही, उगवतो. व्याकरणात याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात, ‘सांजावलं’, ‘मळमळतं’ ही त्याचीच भावंडं. कर्ता वेगळा नसतो, क्रियेचा भाव हाच कर्ता मानतात. मी हे सांगितलं. “मानतात म्हणजे?” असं म्हणून तिने डावी बाजू कोरी ठेवली. तक्त्यात कोरा रकाना म्हणजे उत्तर येत नाही, मार्क गेले. इथे ते बरोबर उत्तर होतं, आणि मला तरी ते पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा प्रामाणिक वाटलं.

आजींना आता चेव चढला होता. “मग हे कर. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.”

दोन वाक्यं, म्हणून दोन रेघा. ‘कोंबडं झाकलं’ खाली, मुख्य वाक्य वर, मधल्या तुटक रेघेवर ‘म्हणून’. झाकणारा कोण ते म्हणीत नाहीच. डावीकडे कंसात ‘कोणीतरी’ आलं आणि कोंबडं कर्माच्या जागी गेलं. वरच्या रेघेत राहणारं काय? तिने प्रश्न स्वतःला विचारला आणि ओरडलीच. “उजाडायचं!” ज्याला स्वतःचा कर्ता नव्हता तेच आता डावीकडे कर्ता होऊन बसलं होतं. व्याकरणाच्या तासाला कोणी ओरडल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

आई आतून म्हणाली, “परीक्षेत असंच लिहायचं का?” नाही. परीक्षेत तक्ताच, आणि ‘उजाडलं’ला भावकर्तृक लिहायचं. पण आधी रेघा काढून मग तक्ता भरला तर रकाने चुकत नाहीत, हे त्याच दिवशी शाळेच्या स्वाध्यायावर तपासून झालं.

मी पर्स उचलली तोवर आजींचं पुढचं वाक्य तयार: ‘मला आता जिना चढवत नाही.’ ही शक्य क्रियापदाची रचना. पुस्तक इथे ‘मला’लाच कर्ता धरतं. मुलगी कमरेवर हात ठेवून उभी. “चहाच्या वेळी ‘आजीला’ कर्ता नाही म्हणालात. मग जिन्याला ‘मला’ कसा चालतो?” क्रियापदाच्या रूपातच ‘शक्य असणं’ आहे, असं मी सांगू लागले, तिने चहाचं वाक्य पुन्हा खोडून ‘आजीला’ डावीकडे लिहिलं. आजींनी नातीची बाजू घेतली.