मनोऱ्यावर चढून करायचं काय?

भाचीने अमेरिकेतल्या अलाबामातून एका घराचा फोटो पाठवला. मॅरियन हे छोटंसं गाव आणि गावाबाहेर लाल विटांचा केनवर्दी हॉल. एका अंगाला चार मजली मनोरा. खाली भाचीची पुस्ती, "मावशी, इटालियन स्टाइल!" इटली कुठे, अलाबामा कुठे! एडवर्ड कार्लाइल या कापसाच्या दलालाने 1858 ते 1860 दरम्यान हे घर बांधलं. आराखडा रिचर्ड अपजॉनचा, न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च ज्याने केलं तोच.

मनोरा दिसला की मला एकच खुसपट सुचतं. वर चढून करायचं काय? वारा खायचा? माझा आपला संशय, वरून कापूस बघायचा.

आमच्याकडे कापूस बघायला चढावं लागत नसे. भाव यायची वाट बघत तो घरातच येऊन बसायचा. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, पाहुणे ओसरीवर, आणि आम्ही पोरं त्या ढिगावर उड्या मारून रात्रभर अंग खाजवत. लांबून मऊ दिसतो हो. वेचताना वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. वेचणीच्या बाया बोटांना चिंध्या बांधायच्या.

मॅरियनला वेचणारे गुलाम होते. कार्लाइलचं घर पुरं होतंय तोवर 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाचा पुळका आला. मुंबईत पैसाच पैसा! त्याच तेजीत, 1864 साली, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने मनोरा बांधायला 2 लाख रुपये दिले. तोच राजाबाई टॉवर. त्याचा आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी फिरकलाही नाही. म्हणजे कापूस पिकला तिथेही मनोरा, अडला तर इथेही मनोरा. वेचणाऱ्यांच्या घरावर कुठेच नाही.

"वर चढून बघ ना," मी भाचीला लिहिलं. "खासगी घर आहे गं," ती म्हणाली.

मॅरियनचं नाव गाजलं ते वेगळ्याच कारणाने. 18 फेब्रुवारी 1965 च्या रात्री तिथे मताचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांवर पोलीस तुटून पडले. जिमी ली जॅक्सन, वय 26, मार खाणाऱ्या आईला वाचवायला मध्ये पडला आणि एका पोलिसाने त्याला गोळी घातली. आठ दिवसांनी तो गेला. मताच्या हक्कासाठी अलाबामातल्याच सेल्मा गावातून गाजलेली पदयात्रा निघाली ती त्याच्यासाठी.