१३५ मिलिमीटर

जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी उठून दोन आठवडे झाले होते. पहाटे पाचला ससून डॉकवर पोचलो तेव्हा बोटी एकमेकींना खेटून लागल्या होत्या आणि पायाखाली बर्फाचा चुरा कचकचत होता. लिलाव पुकारायच्या आत मासळी मोजून लिहून घ्यायची, हे माझं काम. सहा वर्षं करतोय.

एका ट्रॉलरमधून पापलेटांची टोपली उतरली. जवळ जाऊन पाहिलं तर एकेक मासा माझ्या तळहातात मावेल एवढा.

२०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबीचा नियम आला. पापलेटाला १३५ मिलिमीटर. मी मोजायच्या फळीला माशाचं तोंड टेकवलं, शेपटी सरळ केली. ११२. पुढचा १०८. मग १२१. पन्नास मोजले, त्यातले ४३ नियमाच्या खाली. आकडे लिहिताना हात जड झाला होता.

शेजारी पाटी घेऊन मावशी उभ्या होत्या. इथून मासळी उचलून दादरला विकण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी एक पापलेट उचललं, पोटावर अंगठा दाबला.

"गाबोळी नाय. ह्यानं कधी धरलीच नाय. बाळा, तुला पट्टी कशाला लागते?"

मी पोट चिरलं. गाबोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, जागी दोऱ्याएवढ्या दोन फिकट रेघा. एकदाही वीण न झालेला मासा.

मला वाईट वाटतं ते याचं, की टोपलीत आलेला मासा मेलेलाच असतो. तिथे पट्टी लावून तो समुद्रात परत जात नाही. पट्टी लागायला हवी जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला. तिथे ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, असला की ओढतानाही उघडा राहतो, पिल्लं निसटतात. नेहमीचा तिरका आस ताण पडला की मिटतो.

बोटीच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारलं. तो रात्रभर जागा होता, तरी शांतपणे बोलला, "मोठ्या आसातून कोळंबी जाते, साहेब. डिझेलचे पैसे कुठून काढू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लिलाव पुकारला. मावशींनी त्या टोपलीवर बोली लावली नाही. बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या. माझ्या वहीपाशी क्षणभर थांबल्या.

"सगली लिवलीस ना? एक पन सोडू नको."