वाफ, बगॅस आणि जांभळी कडी

दिवाळी सरली की वाळवा-पलूसकडच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि कारखान्यांची धुराडी जागी होतात. तिथल्या बॉयलरचं निम्मं शास्त्र आपल्या शाळेतल्या एकाच धड्यात आहे. आम्ही तो 'सुप्त उष्णता' म्हणून शिकलो, आताची मुलं 'अप्रकट उष्मा' म्हणतात.

30 अंशांचं एक किलो पाणी उकळीला आणायला 70 किलोकॅलरी पुरतात. त्याची वाफ करायला आणखी 540 लागतात, आणि वाफेचं पुन्हा पाणी झालं की तेवढ्याच परत मिळतात. कोळशाच्या वीज केंद्रात टर्बाइनमधून सुटलेल्या वाफेची ही उष्णता कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या, पाण्याबरोबर निघून जाते. इंधनातला जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. साखर कारखान्यात मात्र टर्बाइन फिरवून आलेली, साधारण 125 अंशांची वाफ रस आटवायला जाते. चार भांड्यांच्या इव्हॅपोरेटरमध्ये पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी, त्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो. एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडतं. मला यापेक्षा देखणी काटकसर दुसरी माहीत नाही.

इंधनही घरचंच. 100 टन उसातून 28 ते 30 टन बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, निघतो, पण त्यात निम्मं पाणी. गुऱ्हाळात चिपाड उन्हात वाळवून चुलवाणात घालतात. इथे तेवढी सवड नसते, म्हणून तापवलेली हवा भट्टीत सोडावी लागते. एक किलो बगॅसवर सव्वादोन किलोच्या आसपास वाफ मिळते. जुने बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला 21 किलो दाबाचे होते, आता 87 आणि 110 किलोचेही आहेत. दाब वाढला तशी त्याच बगॅसमधून जास्त वीज मिळू लागली. पण पाण्यातली चूक सोसण्याची ताकद कमी झाली.

ती चूक बहुधा साखरेची असते. वाफेचं झालेलं पाणी बॉयलरला परत जातं. रसाची पातळी वाढली किंवा व्हॅक्यूम एकदम बदलला की रसाचे थेंब वाफेबरोबर उडतात. म्हणून शक्यतो पहिल्या भांड्याचं पाणी बॉयलरला घेतात, कारण ते टर्बाइनच्या वाफेचं असतं, रसाच्या नाही. पण त्या भांड्यात नळी फुटली असेल तर चालू असताना वाफ रसात शिरते, पण कारखाना थांबून दाब उतरला की रस वाफेच्या बाजूला येतो. साखर बॉयलरमध्ये तुटून आम्लं तयार होतात, सामू (पीएच) घसरतो, पाणी फेसाळतं, फेस वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरमध्ये आणि तिथून टर्बाइनच्या पात्यांवर जातो. नळ्यांच्या आत कार्बनचा थर बसतो, धातू जास्त तापतो, नळी फुगते आणि फुटते.

तपासणी अगदी प्रयोगशाळेतली. परीक्षानळीत बॉयलरला जाणारं, गार केलेलं पाणी, त्यात अल्फा-नॅप्थॉल या रसायनाचे चार-पाच थेंब, मग नळी तिरकी धरून कडेकडेने संहत सल्फ्युरिक आम्ल. दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी दिसली की साखर आहे. लगेच ते पाणी गटारीला सोडायचं, बॉयलरला साठ्यातलं शुद्ध पाणी द्यायचं, ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरमधलं थोडं थोडं पाणी बाहेर सोडणं, वाढवायचा, सामू तपासून तो वर आणायला कॉस्टिक सोड्याचा डोस द्यायचा. बॉयलरचं पाणी तपकिरी होऊन जळक्या साखरेचा वास आला, तर भट्टी बंद करण्याचा निर्णय लांबवू नये. एरवी तपासणी दर तासाला करावी. बंद पडलेला कारखाना सुरू करताना मात्र पहिलं पाणी बाहेरच सोडावं आणि लागोपाठ दोन तपासण्यांत कडी दिसली नाही तरच ते बॉयलरला घ्यावं.