पामच्या झावळ्या आणि पिवळे पडलेले शेंडे

द्राक्षबागांना सल्ला देण्याच्या माझ्या कामात मे महिन्यातले बहुतेक फोन पाण्याच्या टंचाईचे असतात. दिंडोरी तालुक्यातील एका बागेतून आलेला फोन मात्र जमिनीवर पसरलेल्या पामच्या झावळ्यांच्या आच्छादनाविषयीची तक्रार घेऊन आला होता. खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर वेली आखूड छाटल्यानंतर, फुटलेल्या काड्यांचे शेंडे पिवळे पडले होते आणि ‘झावळ्यांनी वेलींचे नत्र (नायट्रोजन) ओढून घेतले’ हा निर्णय मी पोहोचण्याआधीच घरात होऊन गेला होता.

झावळ्यांची कल्पना बागेचे मालक नाना यांची. त्यांचा भाचा नाशिकच्या गंगापूर रोडवरील बंगल्यांच्या आणि लॉन्सच्या बागा सांभाळतो. तेथे रॉयल पामच्या गळलेल्या झावळ्यांचे ढीग साचतात, आणि उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ठरवून दिला असला तरी असे ढीग पेटवून देण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही. नानांनी त्या ट्रॉलीने शेतावर आणल्या. कडबाकुट्टीत त्यांचे चिवट धागे आसाला गुंडाळले जाऊन यंत्र सारखे अडकू लागले, तेव्हा श्रेडर भाड्याने आणून त्यांचा चुरा केला आणि निम्म्या बागेत, वेलींच्या खोडापासून थोडी जागा मोकळी सोडून, चार इंचांचा थर दिला.

तणाच्या बाबतीत निकाल डोळ्यांसमोर होता. उघड्या ओळींत घोळ, माठ आणि गाजरगवत माजले होते, कारण या तणांचे बी बारीक असते आणि त्याच्या कोंबाला जाड थरातून प्रकाशापर्यंत पोहोचण्याइतका साठा नसतो. झाकलेल्या ओळींत केवळ लव्हाळा वर आला होता. जमिनीतील गाठींच्या बळावर तो प्लॅस्टिकचा कागदही भोसकून येतो, तेथे चुऱ्याची काय कथा!

मग मी पाने पाहिली. नत्र कमी पडले तर पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर येतो आणि सगळे पान सारखे फिकट होते. येथे जुनी पाने हिरवीगार होती, तर शेंड्याकडील कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला होता, जी लोहाच्या कमतरतेची खूण आहे. शिवाय काष्ठमय चुरा कुजताना नत्र अडकवतो हे खरे असले तरी पृष्ठभागावर पसरलेला चुरा ते मुख्यतः मातीला टेकलेल्या पातळ थरातच अडकवतो. मुळांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच ती फसफसली, म्हणजे जमीन चुनखडीची होती. अशा जमिनीत ओल सतत टिकून राहिली की बायकार्बोनेट वाढते आणि मातीत असलेले लोहही वेलीला घेता येत नाही.

पण ऐन उन्हाळ्यात सतत ओल आली कोठून? आच्छादन बाजूला सारून मी वीतभर खोल माती काढून मुठीत दाबली, तेव्हा तिचा गोळा झाला आणि बोटांना चिखल लागला. उघड्या ओळीतली माती त्याच खोलीवर मुठीतून भुगा होऊन गळली. चौकशी केल्यावर कळले की पंपाला ऑटो स्विच असून रात्रपाळीची वीज येताच दोन्ही भागांना ठिबकने पूर्वीइतकेच पाणी जात होते. झाकलेल्या जमिनीतून होणारे बाष्पीभवन घटले होते, तणांचे पाणी पिणेही थांबले होते, आणि वाचलेले ते सगळे पाणी मुळांशीच साचत होते. नळ्या चुऱ्याखाली असल्याने कोणाला काही दिसतही नव्हते.

नानांना हे पटायला वेळ लागला. “साहेब, उन्हाळ्यात पाणी कमी करायचं म्हणजे जिवाची घालमेल होते,” असे ते म्हणाले, आणि द्राक्ष उत्पादकाची ही भीती मला समजते. झाकलेल्या भागासाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून ठिबकचा वेळ निम्म्यावर आणायचा, दर पाळीआधी माती मुठीत दाबून पाहायची आणि तोवर चिलेटेड, म्हणजे वेलीला सहज घेता येईल अशा रूपातील, लोहाची फवारणी करायची, असे आम्ही ठरवले.

पुढच्या भेटीत नवी पाने हिरवी निघत होती आणि उरलेल्या निम्म्या बागेसाठी नानांनी भाच्याकडे आणखी झावळ्या सांगितल्या होत्या. त्यात पामच्या खोडाचे तुकडे येऊ देऊ नका, एवढे मी त्यांना बजावले, कारण कुजणाऱ्या खोडात नारळाचे शेंडे पोखरणारा गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्यांच्या बांधावर नारळाची झाडे आहेत.